जुना कटर, अनोळखी माणूस आणि ‘फक्त अ‍ॅडव्हान्स टाका’

(अवजारांबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना या पानावर उत्तरं देतो. यावेळी तीन पत्रं आली आणि तिन्ही जुन्या लाकूडकटरचीच, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या चेनच्या करवतीची, म्हणून एकत्रच घेतलीत.)

प्रश्न : दादा नमस्कार, राजापूर तालुक्यात आमची वडिलांच्या काळातली हापूसची बाग आहे, कलमं फार उंच गेलीत, आत ऊन म्हणून जात नाही त्यामुळे वरच्या फांद्या उतरवायच्यात, शिवाय २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेला एक फणस अजून तसाच आडवा आहे. कटरवाला पावसाच्या आधी कधीच वेळेवर येत नाही म्हणून म्हटलं स्वतःचंच मशीन घ्यावं. मोबाइलवर एक जाहिरात दिसली, स्टिल कंपनीचं एमएस २५०, एकच सीझन वापरलेलं, ९ हजार फक्त. विकणारा नगरकडचा आहे, बोलायला चांगला वाटला, ट्रान्सपोर्टने पाठवतो म्हणतो. भाऊ म्हणतो घे, बायको म्हणते नको. काय करू?

उत्तर : वहिनींचं ऐका.

आता कारण सांगतो. एमएस २५० म्हणजे ४५ सीसीचं चांगलं दणकट मशीन, तुमच्या बागेला पुरून उरेल, पण नीट चालणारं आणि एकच सीझन वापरलेलं मशीन ९ हजारात कोणी देत नाही, स्वतःच्या मेव्हण्यालासुद्धा देत नाही. म्हणजे एक तर ते चोरीचं, नाहीतर डुप्लिकेट, नाहीतर आतून गेलेलं, आणि चौथी शक्यता म्हणजे मशीन मुळात नाहीच, फक्त फोटो आहे. फोटोवरनं आठवलं, मध्ये एकाने मला जाहिरात पाठवली होती, गाव चिपळूण आणि मशीनच्या मागे सगळा बर्फ पडलेला!

डुप्लिकेटचं आधी बोलतो. रंग तोच, स्टिकर तोच, हातात घेतलं तरी नवख्या माणसाला कळत नाही. ओरिजिनल मशीनच्या बॉडीवर सिरियल नंबर ठोकलेला असतो, नुसता चिकटवलेला नाही, त्याचा फोटो मागवा आणि जवळच्या शोरूमवाल्याला दाखवा, तो सांगेल. नंबर खरवडलेला असेल किंवा विकणारा म्हणाला की फोटोत नीट येत नाही, तर विषय तिथंच संपला. नंबर खरवडलेला माल चोरीचा असू शकतो, आणि चोरीचा आहे हे माहीत असून घेतलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो. कधीकधी मशीन बेकायदा तोडीतलंही असतं, १९२७ च्या वन कायद्यानुसार अशा गुन्ह्यात वापरलेली हत्यारं वनखातं जप्त करू शकतं, त्यामुळे काही लोकांना ते लवकरात लवकर हातावेगळं करायची घाई असते. म्हणून साधं बिल तरी मागाच. बिल नसेल तर विकणाऱ्याकडून कागदावर नाव, पत्ता, सिरियल नंबर आणि सही घ्या, खरा मालक कुरकुर करत का होईना पण देतो.

पण माझ्या दुकानात जी मशीन येतात त्यातली निम्मी चोरीची नसतात की डुप्लिकेट नसतात, ती उपाशी मारलेली असतात. हे टू-स्ट्रोक इंजिन, याला वेगळं इंजिन ऑइल नाही, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच त्याचं सगळं. कंपनीचं ऑइल असेल तर लिटरला २० मिली, साधं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर ४० मिली. एखाद्या दिवशी ऑइल संपलं, गड्याने बाइकमधलं पेट्रोल काढून तसंच ओतलं, अर्धा-पाऊण तास चाललं, मग पिस्टनने सिलिंडर घासला. मालक काय करतो, थंड झाल्यावर परत सुरू होतंय ना, मग फोटो काढून जाहिरात टाकतो, ‘एकच सीझन वापरलेलं’, आणि ते खोटंही नसतं बरं का, एकच सीझन वापरलेलं असतं! दुसरी गोष्ट, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते टाकीत ठेवून मशीन माळ्यावर दोन पावसाळे पडून राहिलं की पेट्रोल ओल धरतं, कार्बोरेटरमधला पातळ पडदा आणि रबरी नळ्या खराब होतात. हा खर्च त्यामानाने कमी आहे, पिस्टन-सिलिंडरचा मात्र ९ हजाराच्या मशीनला परवडत नाही.

हे सगळं ट्रान्सपोर्टने आलेल्या खोक्यात दिसत नाही, म्हणून जुनं घ्यायचंच असेल तर एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावरचंच बघा, आणि लाकूड कापणारा एखादा जाणता माणूस बरोबर न्या. गेल्या गेल्या आधी सायलेन्सरला हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी त्याने मशीन तापवून ठेवलंय, कारण थंड असताना ते सुरू होत नाही, मग चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. त्यानंतर मशीन बंद असतानाच स्टार्टरच्या दोरीच्या मुठीला धरून उचला, कॉम्प्रेशन चांगलं असेल तर मशीन अडखळत अडखळत सावकाश खाली येतं, सरळ धपकन आलं तर नमस्कार करून निघा. विकणारा तयार असेल तर सायलेन्सर खोलायला सांगा, दोन-तीन नट-बोल्टचं काम असतं, आत टॉर्च मारून दोरी हळूहळू ओढा, पिस्टन गुळगुळीत दिसला पाहिजे, उभे ओरखडे दिसले तर उपाशी मारलंय. आणि सुरू केल्यावर बारचं, म्हणजे चेन ज्या लांब पट्टीवर फिरते तिचं, टोक एखाद्या जुन्या पेपरवर थोडं वर धरून रेस द्या, कागदावर तेलाची बारीक रेघ उठली पाहिजे, नाही उठली तर चेनला तेल जात नाही. रेस सोडल्यावर चेन थांबली पाहिजे, फिरत राहिली तर क्लच नाहीतर सेटिंग बिघडलंय.

सहा-सात हजारात चायनीज नवं मशीन मिळतं, त्याचं काय असं विचारणारच तुम्ही. पावसाळ्याआधी आठ दिवस फाटी करायची असतील तर चालेल, निदान त्यात आधी कोणी काय ओतलंय ही भानगड नाही. तुमच्या बागेला मात्र थोडं थांबून, पैसे जमवून शोरूमचंच घ्या असं मी म्हणेन. आणि तो फणस बागेतलाच आहे म्हणून परस्पर कापू नका, १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत, पडलेला असला तरी आधी वनखात्याच्या ऑफिसात विचारून घ्या.

प्रश्न : सर, मला एक मशीन आवडलं, विकणारा म्हणाला मी मिलिटरीत आहे, अर्जंट बदली झालीय म्हणून स्वस्तात देतोय. आयडी कार्ड, कँटीन कार्ड, युनिफॉर्मवरचा फोटो सगळं पाठवलं. मी २ हजार अ‍ॅडव्हान्स दिला, मग गेटपासचे म्हणून १८०० मागितले तेही दिले, आता म्हणतो तुमचे पैसे रिफंड करतो, क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. करू का?

उत्तर : नाही नाही नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो फक्त द्यायला, एवढं कागदावर लिहून फोनच्या मागे चिकटवा. कार्ड दुसऱ्याच कोणाचं तरी असतं, बदलीची गोष्टही जुनी आहे, आधी फ्रिज-मोटारसायकलसाठी चालायची. हा अंक हातात पडेपर्यंत थांबू नका म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, बाकीच्यांसाठी लिहितो, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, तक्रार नोंदवायची, बँकेलाही कळवायचं. जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यात सरकत जातात. चॅट डिलीट करू नका, राग आला तरी. आणि त्याला शिव्या देण्यात वेळ घालवू नका, तो तेवढ्यात दुसऱ्या कोणाला तरी गेटपास पाठवत असतो.

प्रश्न : दादा, आम्ही आजरा तालुक्यातले. आमच्या ह्यांनी ऑनलाइन बघून एकाकडनं जुनं कटर आणलं, चालतं छान, पण पुढच्या हँडलसमोरचा प्लास्टिकचा पंजा तुटलेला आहे, विकणारा म्हणाला ती नुसती शोभेची पट्टी असते. हे पण म्हणतात जुनी माणसं काय पंजा लावून झाडं तोडत होती का. मला भीती वाटते.

उत्तर : ताई, भीती अगदी बरोबर आहे, विकणारा खोटं बोलला. तो पंजा म्हणजे ब्रेक. बारच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला नुसता टेकला तरी मशीन उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येतं, डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि तेव्हा त्या पंजाला हात लागून किंवा झटक्याने चेन थांबते. पंजा नाही तर चेन थांबत नाही. जुनी माणसं हातकरवतीने कापत होती, करवत उसळून मानेवर येत नाही. अजून एक बघा, बारच्या मुळाशी खाली एक छोटा आकडा असतो, चेन तुटली तर ती मागे उजव्या हातावर येऊ नये म्हणून, तो पण आहे का तपासा, जुन्या मशीनला बहुतेक वेळा गायबच असतो.

पंजा सुटा मिळतो, मॉडेल नंबर सांगून मागवा आणि मेकॅनिककडून बसवून घ्या. बसवल्यावर मशीन जमिनीवर घट्ट दाबून सुरू करायचं, पंजा पुढे ढकलायचा आणि क्षणभर रेस द्यायची, चेन जागची हलता कामा नये. जरा जरी हलली तर आतला ब्रेकचा पट्टा गेलाय, तोही बदला. तोवर एक करा, मशीन त्यांच्याकडेच राहू दे, भांडण नको, चेन तेवढी काढून तुमच्या डब्यात ठेवा. तांदळाच्या नको, तेलकट असते.