बहाव्याचं पाणी तोडा, पण एकदम नको

प्रश्न : बहाव्याला सात वर्षं झाली. झाड दोन पुरुष उंच, पाला हिरवागार, ऊन दिवसभर. पण एक फूल नाही. रोज संध्याकाळी बुंध्याशी दोन बादल्या पाणी घालतो, दोन महिन्यांनी मूठभर युरिया. काय कमी पडतंय?

उत्तर : कमी काहीच पडत नाही, तीच तर अडचण आहे. ऊन तापलं की पानं टाकायची आणि उघड्या फांद्यांवर पिवळे घोस सोडायचे, ही बहाव्याची रीत. रोज पाणी मिळणारं झाड पानं कशाला टाकेल? त्यात युरियाचं नत्र, म्हणजे आणखी पाला.

एकाच शेंगेतल्या बियांची दोन झाडं मी लावली होती. एक मोरीच्या पाण्यावर वाढलं, दुसरं कुंपणाशी, जवळजवळ विसरल्यासारखं. कुंपणाशी असलेलं सहाव्या वर्षी फुललं. मोरीपाशी असलेलं त्याच्यापेक्षा हातभर उंच आणि नुसतं हिरवं. शेवटी मी मोरीचं पाणी दुसरीकडे वळवलं, तेव्हा कुठे दोन वर्षांनी पहिला घोस दिसला, तोही वीतभरच.

मात्र उद्यापासून पाणी बंद करू नका. रोजच्या पाण्याने मुळं वर-वरच राहिलेली असणार, झाड सुकेल. बुंध्याजवळचं आळं बुजवा आणि फांद्यांची टोकं जिथे येतात त्याच्या खाली नवं गोल आळं काढा. आठवड्यातून एकदा ते तुडुंब भरा, पुढे पंधरा दिवसांनी, पुढच्या वर्षी महिन्याने. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई खुपसून पाहा. ओल असेल तिथवर ती सहज जाते, कोरड्या मातीत अडते. हातभर तरी गेली पाहिजे. पावसाळ्यात काही देऊ नका. पाणी साचलेलं याला अजिबात खपत नाही.

युरिया बंद. शेंगा धरणाऱ्या झाडाच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी असतात असं ऐकलं असेल, पण बहाव्याला त्या नसतात. तरीही जुन्या झाडाला वर्षाकाठी घमेलंभर शेणखत पुरतं.

पिवळट फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या कोवळी पानं कुरतडताना दिसल्या, तर फवारणीच्या मागे लागू नका. पालवी पुन्हा फुटते. आणि घोस आलेच, तर वाळलेल्या शेंगा मला हव्यात. बी टणक असतं, कानशीने एका बाजूला घासल्याशिवाय लवकर रुजत नाही, ते काम मी करीन.