रिकामी खुर्ची कागदावर आण

बाळ,

गेल्या रविवारी आलीस, चहा निवला तरी कपाला हात लावला नाहीस. तीन टेबलांचं काम एकटीच्या अंगावर, घरी पोचायला साडेनऊ, आणि लोअर परळच्या कंपनीत दुप्पट पगार. राजीनामा देऊ का, एवढंच विचारलंस. तेव्हा मी गप्प राहिले. आज सांगते.

पगाराचं आधी उरकते. तुझ्या राज्यकर निरीक्षकाच्या पदाचं मूळ वेतन 38,600 पासून सुरू होतं. भत्ते धरले तरी घराचा हप्ता भरून हातात काय उरतं ते मला कळतं. शिवाय मला जुनी पेन्शन आहे, तुला नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांची ती गेली. तेव्हा नोकरी सोडू नकोस असं मी कुठल्या तोंडाने सांगू? राहा, नाहीतर जा. पण मुकाट्याने जाऊ नकोस. जागा रिकाम्या आहेत, त्यापायी कामं रखडतात, हे लेखी दे.

तू म्हणशील, "जागा रिकाम्या आहेत हे सगळ्यांना माहीतच आहे." नाही गं! मंत्रालयात वेतनावरचा खर्च दिसतो, तो दरवर्षी अर्थसंकल्पात छापून येतो. माणूस नव्हता म्हणून न झालेल्या तपासणीला लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबात स्वतःचा रकाना, नसतं. म्हणून पद न भरणं ही बचत वाटते. तुझ्याकडची 2023-24 पर्यंतची प्रकरणं बघ. जीएसटी कायद्याच्या कलम 73 खाली, म्हणजे फसवणूक नसलेल्या कमी करभरण्यात, वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 3 वर्षांत आदेश निघाला नाही, की कर गेला. जीएसटीची केंद्राकडून मिळणारी भरपाईही जून 2022 पर्यंतचीच होती. आता बुडेल ते राज्याचं बुडेल. हे तुझ्या टेबलावरून दिसतं, वरून दिसत नाही. म्हणून तूच लिहायचंस.

माझ्याकडे एकदा दोन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार आला. साहेबांनी विचारलं, "जमेल ना?" मी म्हटलं, "जमवते." चौदा महिने जमवलं. मग एप्रिलात टेबलाखालच्या गठ्ठ्यातून एक जाड फाइल निघाली, मुदत नऊ दिवसांपूर्वी संपलेली. खुलासा माझ्याकडे मागितला. कार्यभाराचं लिहिलं, तर उत्तर आलं : तशी नोंद कार्यालयात आढळत नाही. कशी आढळेल? मी तोंडी रडले होते, कागदावर एक ओळ नव्हती.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर तिमाहीला एक पान दिलं. मंजूर पदं, भरलेली, रिक्त, आणि त्यापायी रखडलेली प्रकरणं. एका वरिष्ठांनी ते न वाचताच परत सरकवलं. मी आवक शिक्का मारून घेऊन पुन्हा ठेवलं. बढती लांबली ती या हट्टापायी, असं घरचे अजून म्हणतात. म्हणोत. दोन जागा भरल्या त्या त्याच पानांवरून, आणि नंतर आलेल्या मुली सहाच्या लोकलने घरी गेल्या. मी चुकले नव्हते.

"मी अजून परिवीक्षेत आहे", म्हणजे प्रोबेशनवर आहे, हे कारण मला ऐकवू नकोस. परिवीक्षेतल्या माणसालाही टिपणी लिहिता येते. साध्या भाषेत लिही, तक्रारीचा सूर नको, प्रकरणांचे आकडे आणि मुदतीच्या तारखा घाल. पोच घे. तुझी प्रत घरी ठेव.

बदली होऊन गेलेल्या निरीक्षकाचा टॉवेल सात महिने खुर्चीवर तसाच आहे म्हणालीस ना, त्या खुर्चीपासून सुरुवात कर. रविवारी मसुदा घेऊन ये. राजीनामा लिहिला असशील तर तोही आण, पण मी मसुदा आधी वाचीन.

तुझी,
मावशी