कारखान्याखालचं दूषित पाणी आणि माळ्यावरच्या जुन्या पॉलिसी

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या यजमानांनी १९८१ मध्ये तिथला एक छोटा प्लेटिंगचा कारखाना घेतला. कंपनी १९५८ सालची. यजमानांनी तिचे सगळे शेअर विकत घेतले आणि जागाही कंपनीच्याच नावावर राहिली. यजमान गेले. आता ताईंनी कारखाना बंद करून जागा विकायला काढली, तर तपासणीत भूजलात ट्रायक्लोरोएथिलीन सापडलं. मुलामा देण्याआधी धातूवरचं तेल-ग्रीस काढायला हे द्रावक तेव्हा सर्रास वापरत. सफाईचा अंदाज कित्येक लाख डॉलरचा आहे. सध्याच्या विमा कंपनीने 'प्रदूषण पॉलिसीत बसत नाही' असं कळवून हात वर केले. ताईंचा प्रश्न एकच आहे: "राहतं घर विकून हे पैसे भरायचे का?"

ताई, घर विकायचा विचार आधी बाजूला ठेवा. जबाबदारी मुळात कंपनीची आहे. शेअर तुमच्या नावावर आले म्हणून ती आपोआप तुमच्या घरापर्यंत येत नाही. कारखान्याच्या कारभारात तुमचा स्वतःचा हात किती होता, हे मात्र वकिलाला खरंखरं सांगा, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. आणि वैयक्तिक हमीच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.

कंपनीची सुटका मात्र नाही. १९७६ चा राज्याचा स्पिल कायदा आणि १९८० चा केंद्राचा सुपरफंड कायदा, सफाईची जबाबदारी टाकताना दोन्ही 'चूक कुणाची' हे विचारत नाहीत. कारखाना बंद करताना किंवा विकताना तपासणी-सफाई करायची सक्ती न्यू जर्सीत १९८३ च्या कायद्याने आली. आज त्याच्या जागी १९९३ चा इस्रा कायदा आहे. तुमच्या यजमानांनी खरेदी केली तेव्हा ही सक्ती नव्हती, त्यामुळे जमिनीखाली काय आहे हे त्यांना कुणी दाखवलं नाही. याचा दोष स्वतःकडे किंवा त्यांच्याकडे घेऊ नका.

आता पैशाचं. सध्याच्या विमा कंपनीचा नकार बहुधा बरोबर आहे, कारण १९८६ च्या सुमारास अमेरिकेतल्या सर्वसाधारण दायित्व पॉलिसींतून, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्यातून, प्रदूषण जवळजवळ पूर्ण वगळलं गेलं. पण त्याआधीच्या पॉलिसींचं काय? गाडीच्या विम्यामुळे आपल्याला सवय लागली आहे की मुदत संपली म्हणजे पॉलिसी रद्दी. त्या काळच्या दायित्व पॉलिसी तशा नाहीत. नुकसान पॉलिसीच्या मुदतीत घडलं असेल, तर दावा चाळीस-पन्नास वर्षांनी आला तरी ती पॉलिसी बांधील राहते. १९६५ साली जमिनीत झिरपलेल्या द्रावकासाठी १९६५ ची पॉलिसी आजही लागू होऊ शकते. शेअर घेतल्यामुळे कंपनी तीच राहिली, म्हणून आधीच्या मालकाच्या काळातल्या पॉलिसीही तुमच्याच कंपनीच्या आहेत.

१९७० नंतरच्या पॉलिसींत 'अचानक आणि अपघाती' नसलेलं प्रदूषण वगळणारं कलम असतं, आणि विमा कंपनी ते पुढे करेलच. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या मॉर्टन खटल्यात ते कलम अक्षरशः लागू करायला नकार दिला, कारण मंजुरी घेताना विमा उद्योगाने नियामकांना त्याचा खरा परिणाम सांगितला नव्हता. जाणूनबुजून विष ओतणाऱ्याला मात्र संरक्षण नाही. म्हणून द्रावक कुठे, कसं सांडलं याबद्दल विमा कंपनीला आठवणीवरून काही लिहू नका. खोटं तर नाहीच, पण अंदाजही नको.

१९९४ च्या ओवेन्स-इलिनॉय निकालानुसार वर्षानुवर्षं चालू राहिलेल्या नुकसानासाठी त्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी लागू होतात आणि खर्च त्यांच्यात वर्षं व मर्यादा पाहून वाटला जातो. विमा मिळत असूनही घेतला नाही, अशा वर्षांचा वाटा तुमच्या कंपनीवर पडतो. त्यामुळे सापडलेली एकेक पॉलिसी मोलाची आहे.

शोध घरापासून सुरू करा. यजमानांच्या फाइली, माळ्यावरचे खोके, जुनी खातेवही, चेकबुकातले तुकडे. पॉलिसी सापडली नाही तरी हरकत नाही. ग्राहकाला किंवा बँकेला दिलेल्या विमा प्रमाणपत्राची एखादी कार्बन कॉपी पुरेशी सुरुवात असते. त्या एका पानावर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, मुदत आणि मर्यादा छापलेल्या असतात. १९६६ पासून मजकूर बहुतेक प्रमाणित होता, म्हणून एवढं हाती आलं की त्या वर्षीचा नमुना कोर्टापुढे ठेवता येतो. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्यांचं काम केलं असेल, तर त्या ग्राहकांच्या दप्तरातही प्रमाणपत्रं असू शकतात. जुन्या ब्रोकरला, हिशेबनिसाला आणि हयात असल्यास आधीच्या मालकाला फोन करा. हाच शोध घेणारे व्यावसायिकही असतात. त्यांना इन्शुरन्स आर्किऑलॉजिस्ट म्हणतात.

जुन्या विमा कंपनीचं नाव सापडलं की त्याच आठवड्यात तिला लेखी सूचना पाठवा, सफाईचा मोठा खर्च करण्याआधी. विमा कंपनीला न विचारता केलेल्या खर्चावर ती पुढे हरकत घेते. उशीर झाला म्हणून न्यू जर्सीत दावा आपोआप बुडत नाही. उशिरामुळे खरोखर नुकसान झालं हे तिला दाखवावं लागतं. सरकारी मुदती मात्र यासाठी थांबत नाहीत, त्यामुळे तुमच्या परवानाधारक सफाई तज्ज्ञांचं काम चालू राहू द्या.

दूषित जमीन कंपनीची स्वतःची आहे, म्हणून पॉलिसी लागू नाही, असाही युक्तिवाद येईल. तुमच्याकडे भूजल दूषित झालं आहे आणि भूजल कंपनीच्या मालकीचं नाही. तज्ज्ञांच्या अहवालात हे ठळकपणे यायला हवं.

खटला लढायची वेळ आली तर वकील फक्त पॉलिसीधारकांची बाजू घेणारा निवडा. दायित्व विम्याच्या दाव्यात पॉलिसीधारक जिंकला, तर त्याच्या वकिलाची फी विमा कंपनीवर टाकण्याची मुभा न्यू जर्सीच्या न्यायालयांना आहे. विमा कंपनी बुडालेली निघाली तरी प्रकरण तिथेच संपवू नका. राज्याचा हमी निधी किंवा अवसायनातली (कंपनी गुंडाळताना उरलेली) मालमत्ता यांतून काही मिळतं का, ते तपासून घ्या.

एक गोष्ट मला फार काळजीची वाटते. विमा कंपनी कधी कधी ठोक रक्कम देऊन पॉलिसीच परत विकत घेऊ पाहते. तशा करारानंतर पुढे शेजाऱ्याच्या विहिरीत किंवा तळघरात हेच रसायन सापडलं तर ती पॉलिसी उरणार नाही. भूजलातलं दूषण कुठवर पसरलं आहे, याचा नकाशा पूर्ण होईपर्यंत तसल्या करारावर सही करू नका.