रीफ टँकमध्ये (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) रात्री निघणारी केसाळ अळी आणि काचेवरचे पांढरे ठिपके: काढून टाकू का? (नाशिक)

अजिबात नको. खडकाच्या फटीतून येणारी ती अळी म्हणजे ब्रिसल वर्म. उरलंसुरलं खाद्य, मेलेलं काहीबाही खाऊन टाकी साफ ठेवते. फक्त उघड्या हाताने धरू नका, केस कातडीत घुसतात आणि चांगलीच आग होते. एकदम खूप वाढल्या तर खाद्य जास्त पडतंय एवढंच समजा.

काचेवरचे ठिपके बहुधा कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचे दूरचे भाऊबंद. भिंग लावून बघा: ठिपका सरळ जात नाही, झटके देत पुढे सरकतो आणि मादीच्या शेपटीपाशी अंड्यांची पिशवी लटकलेली दिसते. मँडरिन माशाचं हे मुख्य अन्न.

दिवे बंद झाल्यावर तासाभराने, टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून बघा. यातल्या बऱ्याच जिवांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते लपत नाहीत.

काढायचंच तर तपकिरी, काचेसारखं दिसणारं एप्टेशिया (एक प्रकारचं समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन) काढा. पण चिरडू नका, तुकड्यातून नवं उगवतं.

आणि आपल्या नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. तेव्हा भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या नव्हे.