थर्मोस्टॅट बदलल्यावर काटा चढतोय? आधी बोल्ट, मग हवा

गाडीचा थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) आणि कूलंट दोन्ही नवं, तरी तापमानाचा काटा चढतो, हीटरमधून गार वारा येतो आणि हाउसिंगचा, म्हणजे थर्मोस्टॅटवरच्या कव्हरचा, एक बोल्ट आटे धरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही दोन वेगळी दुखणी समजू नका. इंजिन निवताना कूलंट आकसतं आणि ढिल्या हाउसिंगमधून हवा आत ओढली जाते. ती अडकली की काटा चढतो आणि हीटर गार राहतो. आज हवा काढलीत तरी उद्या सकाळी ती परत आत! म्हणून आधी बोल्ट.

ज्या बोल्टला दहाचा पाना बसतो तो बहुधा एम ६, म्हणजे ६ मिमी जाडीचा. बाराचा किंवा तेराचा, दोन्ही बहुधा एम ८. जपानी घडणीच्या गाड्यांत डोकं बाराचं असतं. खरा घोळ हार्डवेअरच्या दुकानात होतो. तिथे एम ८ म्हणून अडीच सुती बोल्ट हातात पडतो. तो ५/१६ इंची, म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे व्हर्नियरवर फरक कळत नाही. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मोजा: दहा आट्यांना एम ८ मध्ये १२.५ मिमी लागतात, अडीच सुतीत १४.१. चुकीचा बोल्ट हाताने दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. तिथे पाना लावून रेटलं की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. तसं झालं असेल तर हेलिकॉइल (भोकात बसवायची नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून घ्या. टेफ्लॉन टेप गुंडाळून भागवू नका.

लांबी डोक्याखालून मोजायची. बोल्ट लांब पडला तर भोकाच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण हाउसिंग दाबलंच जात नाही. डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला, झिंक चढवलेला बोल्ट घ्या. एम ६ ला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. हाउसिंग उघडलंच आहे तर थर्मोस्टॅटची छोटी हलती पिन वरच्या बाजूला आहे ना, तेही बघा. ती खाली गेली तर हवेला वाट उरत नाही.

आता हवा. इंजिन पूर्ण गार हवं. गरम असताना झाकण उघडायचं नाही, उकळतं कूलंट अंगावर येतं. गाडीचं नाक चढावर ठेवा, म्हणजे भरायचं तोंड सर्वांत उंच राहील. हीटर पूर्ण गरमवर, पंखा एकवर. कूलंट बारीक धारेने ओता आणि वरचा होज मधून मधून दाबत राहा. हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत उघडा ठेवा. स्क्रू प्लास्टिकचा असला तर हलक्या हातानेच आवळा.

मग झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू करा. पातळी खाली जाईल तसं भरत राहा. साधारण ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅट उघडतो, वरचा होज एकदम तापतो आणि पातळी झपकन उतरते. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. काटा नेहमीच्या जागेपुढे सरकला तर लगेच इंजिन बंद. हीटरचा वारा गरम यायला लागला की हवा बहुतेक निघाली. झाकण लावा, रात्रभर निवू द्या, सकाळी पातळी परत बघा.

किती निघालं आणि किती गेलं ते मापी भांड्याने मोजाच. चार लिटर निघून तीनच गेलं असेल तर लिटरभर हवा अजून आत आहे. तयार मिश्रणाच्या कॅनमध्ये पाणी घालू नका. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिमिनरलाइज्ड पाणी, बोअरचं अजिबात नको.

दोन-तीनदा नीट करूनही बुडबुडे थांबत नसतील, तर हवा काढत बसू नका. हेड गॅस्केटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलमधून) सिलिंडरचा वायू कूलंटमध्ये येत असेल. ब्लॉक टेस्ट, म्हणजे कूलंटमध्ये तो वायू आहे का याची तपासणी, करून घ्या आणि तोवर गाडी चालवू नका.