डब्ल्यू-टू नोकरीत स्वतःच्या खिशातून केलेला ऑफिसचा खर्च टॅक्स रिटर्नमध्ये वजा करता येतो का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत डब्ल्यू-टू वर (म्हणजे कंपनीच्या पगारावर, जिथे वर्षाचा पगार दाखवणारा डब्ल्यू-टू फॉर्म मिळतो) नोकरी आहे, घरून काम करायला खुर्ची आणि मॉनिटर घेतला, फोनचं बिल स्वतःच भरता, क्लायंटकडे स्वतःच्या गाडीने जाता, वर्षाचे ४,२०० डॉलर गेले आणि कंपनीने काहीच दिलं नाही, तर हे रिटर्नमध्ये वजा होईल का, की मित्र म्हणतोय तसं शेड्यूल सी वर (स्वतःच्या धंद्याचा हिशोब दाखवायच्या फॉर्मवर) टाकू.

फेडरल (केंद्र सरकारच्या) रिटर्नमध्ये नाही होत. आणि शेड्यूल सी वर तर कृपा करून टाकू नका, कारण पुढे सांगते.

आधी व्हायचं, २०१७ पर्यंत. फॉर्म २१०६ भरायचा, आकडा शेड्यूल ए वर (वजावटींच्या यादीवर) यायचा, तोही सगळा नाही, एजीआयच्या (काही ठराविक वजावटींनंतर उरलेल्या एकूण उत्पन्नाच्या) २ टक्क्यांच्या वर जेवढा जाईल तेवढाच. म्हणजे एजीआय ९०,००० असेल तर पहिले १,८०० धरायचेच नाहीत, तुमच्या ४,२०० मधले २,४०० उरले, आणि तेही आयटमाइज करत असाल, म्हणजे सरसकट ठरलेल्या वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवत असाल, तरच. मग २०१७ च्या डिसेंबरमधल्या कायद्याने हे २०१८ ते २०२५ साठी बंद केलं. बरेच लोक २०२६ ची वाट बघत होते, पण जुलै २०२५ च्या कायद्याने ते कायमचंच बंद करून टाकलं. त्यामुळे "२०२६ पासून परत मिळणार" असं सांगणारा जुना लेख सापडला तर तो सोडून द्या.

मला हे कसं कळलं ते सांगते, कारण माझं नेमकं तुमच्यासारखंच झालं होतं. २०१८ मध्ये मी क्लायंट साइटवर स्वतःच्या गाडीने जायचे, गाडीत एक छोटी वही ठेवलेली, तारीख, ओडोमीटरचा आकडा, कुठे गेले, कशासाठी गेले, सगळं लिहायचे. वर्षाचे ३,१०० मैल झाले. त्या वर्षीचा आयआरएसचा (अमेरिकेच्या टॅक्स खात्याचा) दर मैलाला साडेचोपन्न सेंट होता म्हणजे जवळजवळ १,७०० डॉलर, आणि मी मनात धरून चालले होते की हे वजा होणार. फेब्रुवारीत टॅक्सवाल्या बाईंकडे वही आणि पावत्यांचं पाकीट घेऊन गेले, त्यांनी वही नीट वाचली, मिटली, आणि म्हणाल्या वही फार छान ठेवलीय पण ही मला देऊ नका, तुमच्या मॅनेजरला द्या. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, पण त्यांचं बरोबर होतं.

कारण असं आहे की कंपनीने पैसे परत दिले ना, तर ते डिडक्शनपेक्षा कितीतरी चांगलं. डिडक्शनमध्ये ४,२०० वरचा फक्त टॅक्स वाचतो, इथे अख्खे ४,२०० परत येतात आणि त्यावर टॅक्स पण नाही. फक्त कंपनीने ते अकाउंटेबल प्लॅनखाली द्यायला हवेत. म्हणजे खर्च कामाचाच असला पाहिजे, तुम्ही पुरावा वेळेत दिला पाहिजे (खर्च झाल्यापासून ६० दिवसांत दिला तर वेळेबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही), आणि जास्तीचे पैसे मिळाले असतील तर १२० दिवसांत परत करायचे. एवढं पाळलं की ती रक्कम डब्ल्यू-टू च्या बॉक्स १ मध्ये (टॅक्स लागणाऱ्या पगाराच्या रकान्यात) येतच नाही. कामासाठी लागणाऱ्या फोनचं बिलही यात बसतं.

मॅनेजरला हे सांगताना एक मुद्दा नक्की मांडा, कारण माझ्याकडे त्यानेच काम झालं. कंपनीने हेच ४,२०० पगारात वाढवून दिले तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या पगारावरच्या टॅक्सचे ७.६५ टक्के तुमचे कापले जातात आणि तेवढेच कंपनीलाही भरावे लागतात, रिइम्बर्समेंटमध्ये दोघांचेही वाचतात. मी एका पानाचा तक्ता केला, महिन्याप्रमाणे मैल आणि शेवटी बेरीज, रडगाणं काही नाही, आणि ईमेल पाठवला. तीन आठवडे उत्तर नाही. मग एचआरकडून फॉर्म आला आणि २०१९ पासून मैलाला ५८ सेंट मिळायला लागले. मागच्या वर्षीचे मात्र नाही मिळाले, ते गेलेच. म्हणून म्हणते उशीर करू नका. आणि हो, पगार तेवढाच ठेवून त्यातलाच एक तुकडा रिइम्बर्समेंट म्हणून दाखवू असं कंपनी म्हणाली तर ते चालत नाही.

आता राज्य. कॅलिफोर्नियात असाल तर लेबर कोड २८०२ प्रमाणे कामासाठी लागलेला आवश्यक खर्च कंपनीने द्यायचाच आहे, इलिनॉयमध्येही २०१९ पासून असा कायदा आहे, तिथे साधारण ३० दिवसांत मागावं लागतं. शिवाय काही राज्यांनी फेडरलचा हा बदल उचललाच नाही, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, अलाबामा, आर्कान्सा, हवाई, इथे स्टेट रिटर्नवर अजून दाखवता येतं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये २ टक्क्यांची अट आहेच, पण फेडरलला स्टँडर्ड (सरसकट) डिडक्शन घेऊन स्टेटला आयटमाइज करता येतं, हे खूप जणांना माहीतच नसतं. पेनसिल्व्हेनियात शेड्यूल यूई आहे, २ टक्क्यांची भानगड नाही, पण टॅक्सच ३.०७ टक्के, म्हणजे सगळे ४,२०० बसले तरी वाचणार १२९ डॉलर. मिळतायत तर घ्यावेत, पण त्यासाठी कंपनीकडे मागायचं सोडू नये. कंपनी देत असूनही तुम्ही मागितलंच नाही तर तो खर्च मुळात धरता येत नाही, हा नियम जुनाच आहे.

आता मित्राचा सल्ला. शेड्यूल सी धंदा करणाऱ्यांसाठी आहे. तुमची डब्ल्यू-टू आयआरएसकडे आधीच असते, धंद्याचं उत्पन्न शून्य आणि खर्च ४,२०० असं दिसलं तर प्रश्न येणारच, आणि नाकारलं गेलं तर टॅक्स, व्याज आणि वर २० टक्क्यांपर्यंत दंड. त्या रिटर्नवर सही तुमची असते, मित्राची नाही. खरंच १०९९ वर (म्हणजे पगारावर नाही, स्वतंत्रपणे) वेगळं काम करत असाल तर त्या कामाचा खर्च तिथे जरूर दाखवा, नोकरीचा नाही.

फेडरलमध्ये अपवाद आहेत पण थोडे: सैन्याचे रिझर्व्हिस्ट, ठराविक अटींत बसणारे कलाकार, फीवर काम करणारे राज्य किंवा स्थानिक सरकारी अधिकारी, आणि अपंगत्वामुळे कामासाठी खर्च करावा लागणारे. शाळेतल्या शिक्षकांना एका मर्यादेपर्यंत वेगळं डिडक्शन मिळतं (२०२५ साठी ती ३०० डॉलर होती). तुम्ही लिहिलंय त्यावरून यातलं काही तुम्हाला लागू दिसत नाही. घर ते ऑफिस जाण्यायेण्याचे मैल कुठेच धरत नाहीत, ते तक्त्यातून आधीच काढून टाका, नाहीतर एचआरचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

आणि पावत्यांचे फोटो आजच काढा. माझ्या पाकिटातल्या पार्किंगच्या पावत्या त्या चकचकीत कागदाच्या होत्या, आठ महिन्यांत पूर्ण पांढऱ्या झाल्या, त्यातल्या एकीचेही पैसे मागता आले नाहीत.