क्रूडचे सौदे सोडून टीव्हीवर बसावं का?

धुळ्याच्या भाऊंनी विचारलंय: नऊ वर्षं क्रूड (कच्चं तेल) आणि नॅचरल गॅसच्या वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत काढली, आता एका मराठी वाहिनीने रोज संध्याकाळी बाजारावर बोलायला बोलावलंय. जावं का?

जा भाऊ. पण टार्गेट, म्हणजे भाव कुठवर जाईल तो आकडा द्यायला नाही, कारणं सांगायला जा. मी जळगावात बसून अकरा वर्षं क्रूड केलं, गेली चार वर्षं कॅमेऱ्यापुढे बोलतोय, म्हणून हक्काने सांगतो.

पहिला प्रश्न ठरलेलाच असतो, "उद्या भाव कुठे जाईल?" बुधवारी अमेरिकेच्या तेलसाठ्याचे आकडे आपल्याकडे रात्री आठला येतात, हिवाळ्यात नऊला. सौदे करताना तोवर आपण हात आखडता घेतो. स्टुडिओत मात्र साडेसातलाच उत्तर हवं असतं. "आकडा येऊ द्या, मग बोलतो" एवढं म्हणायला मला वर्ष लागलं.

माझ्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात मोलाचं निघालं ते माझं नुकसान. २० एप्रिल २०२०. लॉकडाऊनमुळे आपला वायदेबाजार संध्याकाळी पाचलाच बंद झाला. क्रूडचा वायदा बॅरलमागे ९६५ रुपयांच्या आसपास, माझे दोन लॉट खरेदीचे, आणि त्याच दिवशी एक्स्पायरी, म्हणजे वायद्याची मुदत संपणार. याच्या खाली आणखी किती जाणार, असं धरून बसलो. रात्री न्यूयॉर्कला मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. त्याच भावावरून आपल्याकडे सेटलमेंट, म्हणजे शेवटचा हिशेब झाला उणे २,८८४ रुपयांना. १०० बॅरलचा लॉट, म्हणजे लॉटमागे पावणेचार लाखांच्या वर गेले. घरी सांगायला दोन दिवस लागले. एक्स्पायरीपर्यंत सौदा उभा ठेवला, ही चूक माझीच. पण टाक्या भरत आल्यावर तेल उचलायला कुणी तयार नव्हतं आणि विकणाऱ्यालाच वरून पैसे द्यावे लागले, हे मी या सौद्यावरून समजावलं, तेव्हा वायदा म्हणजे काय ते कित्येकांना पहिल्यांदा कळलं.

आपल्या भागातले प्रश्न टाळू नका. रावेरच्या एका केळीवाल्याने विचारलं होतं, "क्रूड एवढं पडलं, मग दिल्लीच्या गाडीचं भाडं काबर उतरलं नाही?" क्रूड कोसळलेलं असतानाच मे २०२० मध्ये केंद्राने डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे १३ रुपयांनी वाढवलं होतं. त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा. त्याला हे उत्तर हवं होतं, क्रूडची पुढची पातळी नाही.

आता व्यवहाराचं. खरेदी-विक्रीचा सल्ला देणार असाल तर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते, आणि त्यासाठी एनआयएसएम या सेबीच्याच संस्थेची परीक्षा. स्वतःचा सौदा उभा असेल तर बोलण्याआधी उघड सांगा. मी तर क्रूडला हात लावणंच बंद केलं. तुमचं नाव किंवा फोटो टिप्सच्या जाहिरातीत वापरणार नाही, हे करारात लिहून घ्या. मानधन सुरुवातीला बेताचंच असतं, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून मगच होकार द्या.

पहिला कार्यक्रम कोणत्या दिवशी आहे ते कळवा, मी बघणार आहे.